औषधाच्या पैशाने घेतलेली नदी

न्यूपोर्टच्या ट्रिनिटी चर्चमध्ये पाऊल टाकलं की नजर आधी व्यासपीठावर जाते. ते भिंतीशी नाही, मधल्या वाटेच्या मधोमध उभं आहे आणि तीन मजली आहे. खाली कारकुनाची जागा, तिच्यावर वाचन करणाऱ्याची, आणि सगळ्यांच्या डोक्यावर पाद्रीबुवांची. १७२६ सालचं हे चर्च सगळं लाकडी आहे. बाकं म्हणजे दारं लावलेले चौकोनी कप्पे. थंडीत ऊब टिकावी म्हणून ही सोय, आणि कोणत्या घराण्याचा कप्पा पुढे आहे आणि कोणाचा मागे, हेही गावाला आपोआप कळायचं. आपल्याकडे पंगतीत कोण कुठे बसतो यावरून मान कळायचा, त्यातलाच प्रकार.

मी ज्याच्यासाठी आलो होतो तो या जमिनीखाली होता. डॉ. सिल्व्हेस्टर गार्डिनर. जन्म १७०८, मृत्यू ऑगस्ट १७८६. पेशाने शस्त्रवैद्य, धंद्याने औषधांचा घाऊक व्यापारी, आणि मेन प्रांतातल्या एका नदीकाठचा जमीनदार.

माझे वडील तालुक्याच्या गावी औषधाचं दुकान चालवायचे. निम्मी गिऱ्हाइकं डॉक्टरची चिठ्ठी घेऊन यायची, उरलेली नुसतीच पोटावर हात ठेवून. उधारीच्या वहीवर आमचं घर चाललं, पण त्या वहीतून आम्ही कधी गुंठाभर जमीनसुद्धा घेऊ शकलो नाही. त्यामुळे औषधं विकून एका माणसाने नदीकाठ विकत घेतला हे वाचलं तेव्हा कुतूहलापेक्षा थोडी असूयाच वाटली. भाच्याकडे बोस्टनला दीड महिना मुक्काम होता. जूनमधले पाच दिवस या डॉक्टरच्या मागे घालवायचे ठरवले आणि त्याच्या शेवटापासून सुरुवात केली.

त्याची सुरुवातही इथून लांब नाही. खाडीपलीकडे साऊथ किंग्सटाउनचा परिसर आहे, जुन्या नॅरागॅन्सेट मुलखातला. अमेरिकेच्या उत्तरेत गुलामी नव्हतीच असा आपला एक समज असतो. पण या पट्ट्यात मोठ्या जमीनदाऱ्या होत्या, चीज आणि घोडे वेस्ट इंडिजला जायचे, आणि राबायला गुलाम होते. गार्डिनर याच वर्गातला. त्याची बहीण हॅना हिचं लग्न जेम्स मॅकस्पॅरन या अँग्लिकन पाद्रीशी झालं होतं. सिल्व्हेस्टर तब्येतीने किडकिडीत, शेतीच्या कामाचा नाही. तेव्हा त्याच्या वाट्याची रक्कम शिक्षणावर घाला, असं या मेहुण्याने सुचवलं, असं सांगतात. या मॅकस्पॅरनची रोजनिशी उपलब्ध आहे. तीत प्रवचनांच्या आणि आजाऱ्यांच्या नोंदींबरोबर आपल्या गुलामाला फटके दिल्याच्या नोंदीही त्याच निवांत सुरात येतात. गार्डिनरच्या शिक्षणाचा पाया कोणत्या घरात घातला गेला, हे त्यावरून समजतं.

सिल्व्हेस्टर लंडनला आणि पॅरिसला शिकला. तेव्हा वसाहतीत वैद्यकीचं महाविद्यालय नव्हतं. फिलाडेल्फियातलं पहिलं निघालं ते १७६५ साली. बहुतेक वैद्य कोणाच्या तरी हाताखाली पुड्या बांधत, जखमा धूत शिकायचे. परदेशात वर्षानुवर्षं राहून शस्त्रक्रिया शिकून आलेला माणूस बोस्टनमध्ये उठून दिसणारच. त्यात त्याने डॉ. जॉन गिबिन्स यांच्या मुलीशी, ॲनशी, लग्न केलं. परदेशी शिक्षण आणि वैद्याचा जावई, दोन्ही जमलं.

बोस्टनमध्ये त्याचं दुकान मार्लबरो स्ट्रीटवर होतं. दुकानाची खूण होती एकशिंगी घोडा आणि खल. ज्या काळात घरांना क्रमांक नव्हते आणि अनेक गिऱ्हाइकांना अक्षरओळख नव्हती, त्या काळात पाटीवरचं चित्र हाच पत्ता. हा रस्ता आज शोधायला गेलं तर सापडत नाही, कारण त्याचं नाव बदललं. आता तो वॉशिंग्टन स्ट्रीटचा भाग आहे. दोन्ही बाजूंना कपड्यांची आणि बुटांची दुकानं, दुपारच्या सुट्टीत बाहेर पडलेली कचेरीतली माणसं, कागदी पेल्यातली कॉफी. खलाचा मागमूस नाही. या नव्या नावातली गंमत मात्र पुढे कळेल.

१७४१ साली गार्डिनरने सहा वर्षांच्या एका मुलाच्या मूत्राशयातला खडा शस्त्रक्रिया करून काढला. बोस्टनच्या वैद्यमंडळींसमोर. गावच्या वर्तमानपत्रात त्याचा वृत्तान्त आला. आज हे वाक्य आपण सहज वाचून पुढे जातो, म्हणून जरा थांबतो. भूल नाही. हात घोट्यांना बांधलेले, गुडघे छातीशी, दोन-तीन धट्टेकट्टे माणसं धरून. खाली छेद द्यायचा, आत सळई घालायची, चिमट्याने खडा पकडायचा आणि बाहेर ओढायचा. लंडनचा विल्यम चेसेल्डन हे काम एका मिनिटाच्या आसपास उरकायचा आणि त्याच्या नावाचा दबदबा याच वेगावर होता. पोर जितका कमी वेळ किंचाळेल तितकं त्याचं जगणं शक्य. ईथरची भूल देऊन शस्त्रक्रिया जाहीरपणे दाखवली गेली ती १८४६ साली, याच बोस्टनमध्ये. ते सभागृह आजही आहे, या रस्त्यापासून चालत पंधरा मिनिटांवर. मधली वर्षं मोजली तर एकशे पाच.

पण नाव झालं सुरीने, आणि पैसा आला खलातून. वैद्याची फी तुटपुंजी, तीही अनेकदा मक्याच्या पोत्यात किंवा जळाऊ लाकडात मिळायची. औषधाचं तसं नव्हतं. सिंकोनाची साल, अफू, पारा, इपेकॅक, रेवाचिनी, सगळं लंडनहून जहाजाने यायचं. जो लंडनच्या व्यापाऱ्याशी थेट खातं ठेवू शकतो, तो इतर सगळ्या वैद्यांचा पुरवठादार होतो. गार्डिनरने तेच केलं. हार्टफर्डला भागीदारीत दुसरं दुकान काढलं, गावोगावच्या वैद्यांना माल पोचवला. त्या काळच्या लंडनच्या अधिकृत औषधयादीत हिंग, कापूर आणि वेलदोडे होते. म्हणजे बोस्टनच्या अशा दुकानात आपल्या स्वयंपाकघराचा आणि देवघराचा वास मिसळलेला असणार, हा विचार त्या बुटांच्या दुकानांसमोर उभं राहून उगाचच सुखावून गेला.

तिथून पाच मिनिटांवर किंग्ज चॅपल. राखाडी ग्रॅनाइटची बुटकी, जाडजूड इमारत. मनोरा बांधायचा होता, पैसे संपले, तो राहिलाच. १७४९ ते १७५४ या काळात हे दगडी चर्च उभं राहिलं आणि त्याच्या उभारणीत गार्डिनरचा पैसा आणि विश्वस्तपण दोन्ही होतं. बांधायची रीत अफलातून होती. जुनं लाकडी चर्च मोडलं नाही, त्याच्या भोवतीने नव्या भिंती चढवल्या, आणि मग आतलं चर्च सुटं करून खिडक्यांतून बाहेर काढलं. इंग्लंडमधून पळून आलेल्या प्युरिटनांच्या गावात हे राजाचं चर्च होतं, इंग्रज गव्हर्नर आणि जकात अधिकाऱ्यांचं. गार्डिनर कोणाच्या पंक्तीला बसायचा हे इथे स्पष्ट होतं. पुढे त्याची किंमत त्याने मोजली.

त्याआधी मेन.

बोस्टनहून उत्तरेला गाडीने अडीच-तीन तास. रस्त्याच्या दुतर्फा पाइनची झाडं, आणि जूनमध्ये कडेने जांभळ्या लुपिनची फुलं. १६२९ साली प्लिमथच्या वसाहतीला केनेबेक नदीच्या दोन्ही काठांवर पंधरा-पंधरा मैलांचा पट्टा मिळाला होता. व्यापार फरचा. बीव्हर संपत आले तसा फायदा संपला, आणि १६६१ साली तो सगळा पट्टा चारशे पौंडांना चौघांना विकून टाकला गेला. मग जवळजवळ नव्वद वर्षं हा कागद कोणाकोणाच्या पेटाऱ्यात पडून राहिला. मधल्या काळात नदीकाठी राहत होते ते अबेनाकी लोक. १७२४ साली इंग्रजांनी वरच्या अंगाचं त्यांचं नॉरिजवॉक हे गाव जाळलं, फादर राल या जेझुइट पाद्रीसह अनेकांना मारलं, आणि उरलेले बरेचसे कॅनडाकडे गेले. त्यानंतर पेटाऱ्यातल्या कागदाला पुन्हा भाव आला. १७४९ च्या सुमारास जुन्या वारसांनी आणि नव्या भांडवलदारांनी कंपनी उभी केली, आणि त्यांच्या बैठकांचा कायमचा अध्यक्ष झाला आमचा औषधवाला.

कंपनीच्या भागीदारांची नावं नकाशावर वाचता येतात. हॅलोवेल, व्हॅसलबरो. आणि कॉबॉसीकाँटी ओढा जिथे केनेबेकला मिळतो तिथे गार्डिनरस्टन, आजचं गार्डिनर. उच्चार मात्र 'गार्डनर', आणि अस्सल मेनवाल्याच्या तोंडी त्यातला एकही 'र' ऐकू येत नाही.

गार्डिनर नुसता बोस्टनमध्ये बसून नकाशे पाहणारा मालक नव्हता. ओढ्याला उतार होता. त्याने बंधारा घातला, लाकूड कापायच्या पाणचक्क्या लावल्या, पिठाची गिरणी काढली, धक्का बांधला, घरं बांधली, कारागीर आणून वसवले. दूरदूरचे लोक होडीत धान्य घालून त्याच्या गिरणीवर यायचे. त्याच्या होड्या माणसं आणि सामान घेऊन वर जायच्या, फळ्या आणि मासे घेऊन खाली यायच्या. कंपनीच्या जमिनीच्या खरेदीपत्रांतल्या अटी मला मोठ्या बोलक्या वाटल्या: वीस फूट लांबीरुंदीचं घर बांधायचं, तीन वर्षांत पाच एकर जंगल साफ करून पेरायचं, सात वर्षं स्वतः किंवा बदली माणूस ठेवून राहायचं. जमीन फुकटात मिळाल्यासारखी वाटते, पण खरं तर त्या शेतकऱ्याच्या कष्टाने शेजारच्या, कंपनीने स्वतःसाठी राखलेल्या जमिनीचा भाव वाढत होता. सिडको आणि एमआयडीसी पाहिलेल्या मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको.

नदीच्या खालच्या अंगाला ड्रेस्डनमध्ये पाउनलबरोचं न्यायालय अजून उभं आहे. १७६१ साली कंपनीनेच बांधलेलं. तीन मजली लाकडी इमारत, आजूबाजूला गवत आणि खाली संथ पाणी. आत खानावळही होती आणि न्यायाधीशही इथेच उतरायचे. कंपनीच्या जमिनीच्या तंट्यांचे निकाल कंपनीने बांधलेल्या छपराखाली! १७६५ साली जॉन ॲडम्स नावाचा एक तरुण वकील घोड्यावरून रानवाटेने इथे आला, खटला जिंकला, आणि मग कंपनीने त्यालाच आपली कामं दिली. पुढे तो अमेरिकेचा दुसरा राष्ट्राध्यक्ष झाला. ज्यांच्या फीवर त्याचं वकिलीतलं बस्तान बसलं त्यांतले कित्येक जण दहा वर्षांनी राजाच्या बाजूला होते. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून मी बराच वेळ नदीकडे पाहत राहिलो. डास इतके होते की त्यापेक्षा जास्त तत्त्वचिंतन जमलं नाही.

१७७५ च्या सप्टेंबरात याच नदीवर दुसरा एक औषधवाला आला. बेनेडिक्ट अर्नोल्ड, न्यू हेवनचा औषधं आणि पुस्तकं विकणारा दुकानदार, आता बंडखोर सैन्याचा कर्नल. क्यूबेकवर चालून जायला निघालेल्या सुमारे अकराशे माणसांसाठी गार्डिनरस्टनच्या समोरच्या काठावर पिट्सटनला रूबेन कोलबर्नने दोनशेहून जास्त होड्या घाईघाईने बांधून दिल्या. लाकूड ओलं, सांधे सैल. वर जाता जाता त्या गळू लागल्या, बारूद आणि पीठ भिजलं. कोलबर्नचं घर अजून आहे. एक औषधवाला बोस्टनमध्ये राजाच्या बाजूने दारं लावून बसलेला, आणि दुसरा त्याच्याच नदीवरून राजाविरुद्ध चाललेला. नंतर अर्नोल्डही फिरला, ती गोष्ट निराळी.

१७ मार्च १७७६ रोजी इंग्रज सैन्याने बोस्टन सोडलं. बरोबर हजाराहून जास्त राजनिष्ठ नागरिक गेले, त्यांत सदुसष्ट वर्षांचा गार्डिनर होता. बोटीत जागा कमी आणि वेळ त्याहून कमी. हॅलिफॅक्स, मग इंग्लंड. दुकान जसंच्या तसं मागे राहिलं. सैन्यात देवी आणि ताप, औषधांचा तुटवडा, आणि समोर बोस्टनमधला सर्वात मोठा साठा. जॉर्ज वॉशिंग्टनच्या हुकमाने ती सगळी औषधं जप्त होऊन सैन्याकडे गेली. आणि आज गार्डिनरचं दुकान ज्या रस्त्यावर होतं त्याला नाव आहे वॉशिंग्टन स्ट्रीट. आपल्या दुकानातला माल नेणाऱ्याचंच नाव आपल्या पत्त्यावर. वडिलांना हे सांगितलं असतं तर ते हसले असते आणि मग उधारीची वही उघडून बसले असते.

१७७८ साली त्याला हद्दपार ठरवण्यात आलं. पुस्तकांचा लिलाव झाला, बोस्टनमधली मालमत्ता गेली. केनेबेकची जमीनही जाणारच होती. पण सरकारच्या दाव्याच्या कागदांत काहीतरी चूक निघाली. नवा दावा दाखल होऊन पुरा होईतो १७८३ चा तह झाला, आणि तहाने पुढच्या जप्त्या थांबवल्या. एका कारकुनी चुकीवर सगळा नदीकाठ वाचला! कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेल्या कोणालाही हे पटेल. १७८५ मध्ये तो परतला, बोस्टनला नव्हे, न्यूपोर्टला. वर्षभरात गेला.

आता वारसाची भानगड. थोरला मुलगा जॉन वकील, स्वभावाने बंडखोर. लंडनमध्ये राजसत्तेवर टीका करणाऱ्या जॉन विल्क्सच्या बाजूने उभा राहिलेला, नंतर बोस्टनमध्ये नाटकांवरची बंदी उठवावी म्हणून भांडलेला. बापाला तो राजकारणातही रुचला नाही, धर्मातही. जमीन दुसऱ्या मुलाला आणि मग मुलीच्या मुलाला, अशी वाट मृत्युपत्राने काढली. अट एकच: नातवाने आजोळचं आडनाव लावायचं. दुसरा मुलगा लवकरच अविवाहित वारला, आणि इंग्लंडमध्ये जन्मलेला पाच वर्षांचा रॉबर्ट हॅलोवेल हजारो एकरांचा मालक झाला. मोठेपणी तो रॉबर्ट हॅलोवेल गार्डिनर झाला आणि इथे येऊन राहिला. दत्तकाची रीत आपल्याकडे घरोघरी पाहिलेली, त्यामुळे मला यात नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते पुढच्या सोयरिकीचं. १८०५ साली या रॉबर्टने बोस्टनच्या एमा ट्यूडरशी लग्न केलं. तिचा भाऊ फ्रेडरिक त्याच वर्षी तळ्यातला बर्फ कापून उष्ण देशांना विकायच्या वेडाने झपाटला. कर्जात बुडाला, तुरुंगातही गेला, पण १८३३ साली त्याचा बर्फ कोलकात्याला पोचला आणि पुढच्या वर्षी मुंबईला. जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम दिलं आणि यजमान-पाहुणे दोघांनाही सर्दी झाली, ही 'मुंबई समाचार'मधली बातमी आपल्याकडे सगळ्यांनी वाचलेली असते. ते आइस्क्रीम ज्या बर्फाने गोठलं, तो बर्फ पाठवणाऱ्याच्या बहिणीच्या घरी मी जवळजवळ पोचलो होतो. 'जवळजवळ' म्हणायचं कारण, ओकलँड्स हे गार्डिनर घराण्याचं दगडी घर खाजगी आहे. दुरून झाडी पाहिली.

सगळं इतकं गोडीने झालं नाही. कागद कंपनीचे आणि नांगर दुसऱ्यांचा, यावरून इथे पन्नास वर्षं कुरबुर चालली. हॅलोवेलची सुईण मार्था बॅलर्ड हिने १७८५ पासून सत्तावीस वर्षं रोजनिशी लिहिली. आठशे सोळा बाळंतपणांची नोंद तीत आहे. तिचा नवरा एफ्रेम मोजणीदार. कंपनीसाठी जमीन मोजायला गेला असताना १७९५ साली त्याच्यावर हत्यारबंद शेतकरी चालून आले. १८०९ साली पॉल चॅडविक या मोजणीदाराला तर अबेनाकींचं सोंग घेतलेल्या शेतकऱ्यांनी ठारच केलं. ज्यांना हुसकावलं त्यांचाच वेश घालून! गार्डिनरच्या शिलेवर हे कुठून असणार.

ती शिला इथल्या ख्राइस्ट चर्चमध्ये आहे. १८२० सालचं, टोकदार कमानींचं दगडी चर्च. देह न्यूपोर्टला, स्मारक मेनमध्ये, आणि चेहरा आणखी तिसरीकडे. चित्रकार कोप्लीने रंगवलेलं त्याचं चित्र आता सिएटलच्या संग्रहालयात, म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकाला आहे. त्याच्या दुसऱ्या बायकोचं, अबिगेलचं, कोप्लीनेच केलेलं चित्र ब्रुकलिनमध्ये. नवराबायकोच्या मधे अख्खं खंड.

चर्चबाहेरच्या मैदानात एडविन आर्लिंग्टन रॉबिन्सन या कवीची आठवण जपली आहे. तो इथे वाढला आणि याच गावावरून त्याने आपलं 'टिलबरी टाउन' रचलं. गावाच्या सधन घराण्यांकडे फुटपाथवरून पाहणाऱ्या माणसांबद्दल त्याने लिहिलं. ते त्याला इथे शिकावं लागलं नसणार.

शेवटच्या संध्याकाळी मी उतरून ओढ्याच्या तोंडाशी गेलो. वॉटर स्ट्रीटच्या विटांच्या इमारती मागे, समोर केनेबेक. कॉबॉसीकाँटी हा अबेनाकी शब्द, अर्थ साधारण 'स्टर्जन भरपूर मिळतात ती जागा'. स्टर्जन म्हणजे पाठीवर हाडांच्या ढाली असलेला, माणसाहून लांब वाढणारा मासा. लाकडाच्या भुशाने आणि गिरण्यांच्या मळीने ही नदी एके काळी इतकी घाण झाली होती की मासा नावालाच उरला. वरच्या बाजूला ऑगस्टामधलं एडवर्ड्स धरण १९९९ साली फोडलं, तेव्हापासून मासे परतू लागले. ओढ्यावरचे बंधारे मात्र अजून आहेत.

काठावर घडीची खुर्ची टाकून एक आजोबा बसले होते. गळ नव्हता, नुसतेच बसलेले. मी विचारलं, काय पाहताय? त्यांनी बोट केलं. पाण्यात काही नव्हतं. मग एकदम एक लांबट, करडं शरीर आख्खंच्या आख्खं बाहेर आलं, हवेत आडवं झालं, आणि फळी आपटावी तसा आवाज करून पडलं. मी फोन काढेपर्यंत वर्तुळंसुद्धा विरत आली होती.

"थांबा," ते म्हणाले, "अजून एक येईल."

मी शेजारच्या दगडावर बसलो.